कोमट तुपाचे दोन थेंब

पुसेगावचे अमृतराव हिंगोलीच्या मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, एका आडत दुकानावर हळद पारखायचं काम करत. ढिगातून एक कांडी उचलायची, मोडायची, आतला रंग बघायचा, नाकाशी धरायची, की माल किती वाळलाय आणि कुठल्या रानातला आहे ते सांगून मोकळे. सव्वीस वर्षं त्यांच्या शब्दावर सौदे झाले. पण अलीकडे पोत्याला टेकले की बसल्या जागी त्यांचा डोळा लागायचा. घोरणं तर आळीला पाठ होतं. त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना, भीती घोरण्याची नव्हती, ते मध्येच थांबायचं त्याची होती. श्वास अडकला की त्या गप पडून वाट बघायच्या, आणि फार वेळ झाला की त्यांचा खांदा हलवायच्या.

एका सकाळी मोंढ्याकडे जाताना मोटरसायकलवरच त्यांना झोप लागली. गाडी सोयाबीनच्या रानात शिरली. खांद्याचं हाड मोडण्यावर निभावलं. नांदेडला दिलेली मुलगी शिवकन्या त्यांना तिकडच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. झोपेची तपासणी झाली. झोपेत घसा मिटतो आणि श्वास बंद पडतो, असं निघालं. त्यावर मशीन आलं. नाकावर मास्क बांधायचा, नळीतून दाबाची हवा येते, तिनं घसा उघडा राहतो.

मशीन बसवायला आलेल्या माणसानं दहा मिनिटांत सगळं दाखवलं. सोबत पाण्याचा एक लहान डबा होता. कोरडं वाटलं तर यात पाणी भरून मशीनला जोडा, एवढं सांगून तो गेला. सुमनबाईंनी तो डबा फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवून दिला. त्यांच्या नात्यातली एक बाई कूलरमध्ये पाणी घालताना करंट लागून गेली होती. नवऱ्याच्या डोक्याशी चालू मशीन आणि त्यात पाणी, हे त्यांच्या मनाला पटेना.

पहिला महिना चांगला गेला. अमृतराव सकाळी ताजेतवाने उठू लागले. मोंढ्यात दिवसभर पोत्याला न टेकता उभे राहू लागले. मग थंडी पडली आणि नाक कोरडं पडायला लागलं. आतून आग व्हायची, खपल्या धरायच्या, सकाळी रुमालाला रक्त लागायचं. चार दिवस त्यांनी मास्क लावलाच नाही. पाचव्या दिवशी ते जेवता जेवता ताटावर पेंगले. सुमनबाईंना मोटरसायकल आठवली.

घरी गाय होती. सुमनबाईंनी तूप कोमट केलं आणि मास्क लावण्याआधी त्यांच्या दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सोडले. आग थांबली. अमृतराव मास्क लावून गाढ झोपले. त्या दिवसापासून हा नेमच झाला. डॉक्टरला विचारावं असं दोघांनाही वाटलं नाही. तूप हे काही औषध नव्हतं, घरातलंच होतं. शिवकन्याचा फोन आला की बाबा मशीन रोज लावतात, असं सुमनबाई अभिमानानं सांगायच्या. तुपाचं सांगायचं राहून जायचं.

उन्हाळ्याच्या शेवटाला खोकला सुरू झाला. हळदीची धूळ असेल म्हणून पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. मग बारीक ताप येऊ लागला, जायचा आणि परत यायचा. गावात गोळ्या झाल्या, हिंगोलीत इंजेक्शनं झाली, टीबीची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. नाकपुड्यांत तूप घालणं मात्र एक दिवसही चुकलं नाही. उलट आजारी माणूस म्हणून सुमनबाई एखादा थेंब जास्तच सोडायच्या. दिवाळीपर्यंत अमृतरावांना मोंढ्याची पायरी चढवेना. आडत्यानं दुसरा पारखी बघितला.

शिवकन्यानं त्यांना पुन्हा नांदेडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचे फोटो उजेडावर धरून बराच वेळ पाहिले. मग वळून विचारलं, "काका, नाकात काही घालता का तुम्ही?"

उत्तर सुमनबाईंनी दिलं. "घरच्या गाईचं तूप घालते मी. रोज. एक दिवस खाडा न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि हळूहळू समजावून सांगितलं. झोपलेल्या माणसाच्या नाकातलं तूप-तेल घशामागून खाली उतरतं आणि थोडं थोडं छातीत जातं. त्यानं ठसका लागत नाही, म्हणून कळतही नाही. पाणी असतं तर अंगानं शोषून घेतलं असतं, पण तूप फुप्फुसातून निघत नाही. तिथं सूज येते, आणि सूज जुनी झाली की जागा दगडासारखी घट्ट होते.

"आता बंद केलं तर भरून येईल का?" शिवकन्यानं विचारलं.

"बंद तर आजच करायचं. पण जेवढं घट्ट झालंय ते मोकळं होईल असं मी सांगू शकत नाही."

मग त्यांनी कोरड्या नाकाचं काय करायचं ते सांगितलं. मशीनला पाण्याचा डबा जोडायचा, म्हणजे हवा कोमट आणि ओली होऊन येते. त्यात औषधाच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घालायचं, गॅरेजातलं बॅटरीचं पाणी नाही आणि नळाचंही नाही. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून डबा धुऊन वाळवायचा. झोपण्याआधी नाकात सलाईनचे थेंब सोडायचे. खपली धरली तर पाण्यात बनलेलं मलम मिळतं, व्हॅसलीनसुद्धा लावायचं नाही. चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब मनानं रोज वापरायचे नाहीत. मास्क कडेनं फुसफुसत असेल तर दाखवायला आणायचा. रक्त थांबलं नाही तर यायचं. एवढंच होतं.

"ते पाणी करंटात उतरत न्हाई का?" सुमनबाईंनी विचारलं.

"नाही काकू. तो डबा त्यासाठीच बनवलेला असतो. फक्त मशीन बंद करून भरायचा."

शिवकन्या त्यांच्याबरोबर पुसेगावला आली. तिनं कपाटावरचा डबा काढला, धुतला, आईसमोर भरून मशीनला बसवला. तूप थांबल्यावर परत आलेली नाकाची आग चार दिवसांत गेली. आठवड्यात रक्त बंद झालं. सुमनबाई सकाळी कोरडा रुमाल हातात घेऊन बघत बसायच्या. एवढं सोपं होतं, हेच त्यांना सहन होत नव्हतं.

छाती मात्र सुधारली नाही. संक्रांतीनंतर अमृतराव अंगणातून घरात येईपर्यंत दोनदा थांबू लागले. नंतर ऑक्सिजनही लावावा लागला, त्याचं वेगळं मशीन आलं. फेब्रुवारीच्या तपासणीत घट्ट झालेला भाग थोडा वाढलेलाच दिसला. डॉक्टरीणबाईंनी औषधं बदलली, पण त्या नजरेला नजर देत नव्हत्या.

अमृतराव सुमनबाईंना एका शब्दानं बोलले नव्हते. बोलले असते तर बरं झालं असतं असं सुमनबाईंनाच वाटायचं. एका दुपारी त्यांचे पाय चेपता चेपता त्या म्हणाल्या, "तुमी मला बोलत काहून न्हाई? माझ्या हातानं झालं हे."

अमृतराव दम गोळा करत राहिले. "बोलायला श्वास लागतो, शिवेची माय," ते म्हणाले. पुन्हा थांबले. "तू घालत व्हतीस म्हणून तर मी मास्क लावत व्हतो. न्हाई तर तवाच गेलो असतो, गाडीवर."

त्यांनी हे समजूत घालायला म्हटलं होतं. सुमनबाईंच्या मनात त्यातलं 'तू घालत व्हतीस' एवढंच राहिलं.

शेजारच्या मिनाच्या घरी तिची नणंद बाळंतपणाला आली होती. तिचं पोरगं, रुद्र, तीन महिन्यांचं. मार्चमध्ये ते सर्दीनं बेजार झालं. मिना तेलाची वाटी घेऊन ओट्यावर बसलेली सुमनबाईंना दिसली. बोटानं ती लेकराच्या नाकात तेल सोडत होती. सुमनबाई धावतच गेल्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. छातीत कसं उतरतं, ठसका कसा लागत नाही, आणि लेकराचं नाक मोकळं करायला सलाईनचे थेंब दवाखान्यात विचारून आणता येतात.

मिनानं ऐकून घेतलं. तिच्या मनात सुमनबाईंबद्दल कीव होती, आणि ती तोंडावर दिसत होती.

"मावशी, तुमचं ते मशीनचं झालं," ती म्हणाली. "आमच्या लेकराला कुठं मशीन हाय? आमच्या आजीपासून घालून राहिलो आमी."

"मशीनचं न्हाई गं, तेलाचं हाय."

"तुमी जीवाला लावून घेऊ नका. त्यांच्या नशिबात व्हतं."

सुमनबाई घरी आल्या. गावात औषध वाटणाऱ्या आशाताईंनाही त्यांनी सांगून पाहिलं. मिनाशी बोलते असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळेला भिंतीपलीकडून लेकराचं रडणं आलं. मग 'झालं, झालं, एवढंच तेल,' असं मिनाचं बोलणं आलं आणि ते गप झालं. सुमनबाई उठून दारापर्यंत गेल्या. तेवढ्यात आत अमृतरावांना खोकल्याची उबळ आली, म्हणून त्या परत फिरल्या.