ओतारआळीमागची माती

मी माती बोलतेय. सिरसाळ्याच्या वाटेवर, ओतारआळीच्या मागं पसरलेली. आता बोलायचाही कंटाळा येतो बघा, पण आज गप्प राहवत नाही.

एके काळी माझी काय ऐट होती! चुली घालायला, भिंती लिंपायला बायका मलाच न्यायच्या. पोटुश्या बाया तर पदराआड माझं ढेकूळ लपवून खायच्या, आणि सासवा बघून न बघितल्यासारखं करायच्या. मला लई मोठेपणा वाटायचा त्याचा.

मग निजामाच्या अंमलात बाजार वाढले. बैलांच्या घंटा, वजनं, सगळ्यालाच मागणी आली. बंकट ओतारी पितळेबरोबर शिसंही वितळवू लागला. भट्टीतली राख नि शिशाचा मळ रोज माझ्यावर टाकायचा. पंधरा वर्षं! पावसाबरोबर ते सगळं माझ्यात मुरलं, अंगभर भिनलं. आधी गवत गेलं. मग मला उकरणाऱ्या कोंबड्या माना टाकू लागल्या. पाचवी कोंबडी पुरली तेव्हा बंकट बराच वेळ माझ्याकडं बघत बसला. त्याला कळलं होतं. पण भट्टी काही थांबली नाही.

सुभद्रा त्याची सून. तिचं पहिलं लेकरू पोटातच गेलं, दुसरंही गेलं. सासूनं, बायडाबाईनं, सटवाईला नवस बोलले, अंगारे लावले. आणि दोन्ही वेळा त्या पोरीच्या तोंडात मीच होते! किती आक्रोश केला मी, पण तिच्या कानी कुठं जातोय?

आज सुभद्रा पुन्हा आली. पाचवा महिना. बायडाबाईनंच मायेनं ढेकूळ फोडून तिच्या हातावर ठेवलं. तिनं तोंडात टाकलं, तोच बंकट भट्टी सोडून धावत आला.

"थुक! आदी थुक ती!"

सुभद्रा घाबरून थुंकली. बायडाबाई भडकली, "कावून? डोहाळे हायत पोरीचे. मागच्या दोन्ही टायमाला खाल्लीच की तिनं."

बंकटचं तोंड उतरलं. खरं सांगायचं तर भट्टीचं सांगावं लागणार, आणि गेलेल्या दोन नातवंडांचंही. मग सुनेकडं न बघता तो म्हणाला, "ही मातीच नासकी हाय."

बायडाबाईनं माझ्यावर कडाकडा बोटं मोडली. "माझी दोन लेकरं खाल्लीस गं, कैदाशिणी!"

वाईट वाटलं. लई वाईट वाटलं. पण भांडायचं त्राण आता माझ्यात नाही. सुभद्रे, नासकी म्हण, कैदाशीण म्हण, गावभर माझं नाव घालव. फक्त मला तोंडात घालू नको, बाई. हे लेकरू तरी जगू दे.