मीटरभर अंतर

टण्ण! चमचा फरशीवर पडला आणि जीव मुठीत धरून सांभाळलेली घरातली शांतता फुटली.

कॅमेऱ्यामागे ती मनातल्या मनात किंचाळली. मोठ्याने किंचाळायची बंदी होती. दिवसाला एकच मिनिट, एकच लेन्स, दुसरा टेक नाही. नियम तिचेच. आज वर्षातलं शेवटचं मिनिट; ते वाया गेलं तर लेकीच्या चौथ्या वर्षावरची फिल्म बिनशेवटाची राहणार होती.

स्वयंपाकघरात नवरा अर्धवट वाकून तसाच थिजला होता. चमचा उचलायचीही सोय नव्हती.

नियमांमागचं कारण जरा लाजिरवाणंच. आधी तिच्याकडे पाच लेन्स होत्या आणि फिल्म एकही नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं, तशी तिला कायम सहावी लेन्स हवी असायची. शेवटी वैतागून पाचही विकल्या आणि काठाला बुरशीचा ठिपका असलेली ही म्हातारी लेन्स आणली. गुणी होती, पण मीटरभराच्या आतलं तिला दिसत नसे; जवळ गेलं की चेहऱ्याचं धुकं.

"दुसरी घे की," नवरा म्हणायचा.

"नियम आहे."

"अगं, तूच केलेला ना?"

"म्हणूनच मोडता येत नाही!"

आणि लेक, लाडाची मुंगी, कॅमेरा दिसला की काचेलाच नाक लावायची. म्हणून कॅमेऱ्यापासून मीटरभरावर फरशीवर निळी चिकटपट्टी आली. "पट्टीवर, मुंगे, पट्टीवर! जवळ आलीस की दिसत नाहीस!" ओरडून ओरडून घसा बसला, तेव्हा कुठे पोर शहाणी झाली.

आताही मुंगी दचकली, "आई!" करत धावत सुटली आणि पट्टीशी येऊन आपोआप थबकली. ओठ थरथरत होते, डोळे भरलेले, ओली पापणी न् पापणी स्वच्छ. अख्ख्या वर्षात अशी फ्रेम मिळाली नव्हती. तिने श्वास रोखून मिनिट पुरं केलं.

"वाट लावली का मी?" नवरा चमचा घेऊनच बाहेर आला.

"सोनं केलंस! तुझ्या वेंधळेपणाचं नाव फिल्मच्या शेवटी टाकते."

"ते टाक. आधी हिच्याकडे बघ."

मुंगी अजून पट्टीवरच उभी होती.

तिने कॅमेरा बाजूला ठेवला, खाली बसून हात पसरले. "संपलं गं राणी. ये."

मुंगीने एक पाऊल पट्टीपुढे टाकलं आणि पुन्हा मागे घेतलं.

"आई, कॅमेरा नसताना जवळ आले, तर दिसते का मी तुला?"