घंटा आठ नंबरची

वॉर्डातली घंटा वाजली आणि भिंतीवरच्या फलकावर पुन्हा "खाट आठ" उमटलं. सिस्टर धावत आल्या. आठ नंबरवर माझा दादा निवांत पेपर वाचत होता.

"अहो, बटण दाबलं जातंय तुमचं."

"मी हातसुद्धा लावला नाही हो," दादा म्हणाला.

दहा मिनिटांतली ही तिसरी वेळ. सिस्टर वैतागल्या. "आजच बसवलाय आणि आजच डोकं फिरलंय याचं. बंदच करते."

त्या फलकाचा प्रोग्रॅम मी लिहिला होता.

ऑफिसातल्या नव्या मुलीने तो वाचून मला सांगितलं होतं, "ताई, प्रोग्रॅम आठ खाटांवरून एकेक करून फेरी मारतो, इथे 'व्हार' हा शब्द नको, 'लेट' लिहा. व्हारने खाटेचा आकडा ठेवायला सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच डबा मिळतो. घंटा वाजेपर्यंत त्यात शेवटचा आकडाच उरेल. लेटने प्रत्येक खाटेला आपापला डबा मिळतो." मला हे माहीत नव्हतं थोडंच! पण कालची पोर मला शिकवणार म्हणून माझं डोकं सणकलं. "चालतंय ना? मग हात लावू नकोस." चालत होतंच. ऑफिसात आम्ही एकच खाट जोडून तपासलं होतं, तिथे पहिला आकडा तोच शेवटचा.

म्हणजे इथे कुणीही बटण दाबलं तरी फलक आठच दाखवणार. पडद्यांआड आणखी सात माणसं होती आणि त्यांतलं कुणीतरी तीनदा बोलावत होतं. गप्प बसले तर माझी अब्रू वाचेल, हेही मनात येऊन गेलं. सांगायला लाज वाटते.

"सिस्टर, बंद करू नका! आठ नाही, दुसरंच कुणीतरी आहे. सगळे पडदे उघडा!"

"तुम्हाला काय माहीत?"

"फलक माझा आहे!"

तिसऱ्या पडद्याआड एक बाई निळ्या पडल्या होत्या, हात बटणावरच. सिस्टरांनी ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना हाका मारल्या. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी बाईंची छाती नीट वरखाली व्हायला लागली.

थोड्या वेळाने त्यांचे यजमान औषधं घेऊन आले. सिस्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या ओरडल्या म्हणून कळलं."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "देवासारख्या धावून आलात."

"चूक माझीच होती," मी म्हणाले. "त्या बोलावत होत्या आणि माझा फलक भलतीच खाट दाखवत होता. मला आधीच सांगितलंही होतं, मी ऐकलं नाही."

त्यांना कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी हात सोडले.