मंजुरीच्या बदल्यात

कळंबच्या आडत गल्लीत दुपारी माणसं जेवून सुस्तावत, तेव्हा शिवकांताचं काम रंगात येई. वाय-फायच्या उपकरणाला चालवणारा जो प्रोग्राम असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, त्यात कुणी बदल सुचवला की तो तपासायचा आणि मंजूर करायचा किंवा परत पाठवायचा, हे तिचं घरबसल्या काम. सगळं उघड्यावर, तिचा शेरा जगात कुणालाही वाचता येई.

त्या दुपारी आलेल्या बदलावर नाव होतं सिद्धारामचं, तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. वाचताच तिचं रक्त उसळलं. लग्नात चारचाकी दिली नाही म्हणून याच दिवट्यानं शिवांजलीला वर्षापूर्वी येडशीच्या स्टेशनवर एका पिशवीनिशी सोडून दिलं होतं. अंगावरचे दागिने तेवढे आठवणीनं काढून घेतले. तेव्हापासून ती पोर खाली मान घालून माहेरी बसली होती, आणि पोलिसांत तक्रार देण्याचा विषय निघाला की वडील गुरुसिद्धप्पा, चार लोकांत इज्जत जाईल म्हणत उठून जात.

शिवकांताला सूड हवाच होता. पण खोटी चूक काढायची गरजच पडली नाही. चालू उपकरण कुणी उपसून काढलं, तर ड्रायव्हरनं आधी हातातलं काम थांबवावं आणि मग त्यासाठी घेतलेली मेमरी सोडावी. सिद्धारामनं मेमरी आधीच सोडली होती आणि काम मागं तसंच चालू ठेवलं होतं. कुणाचाही संगणक मध्येच कोलमडला असता. ती शेरा लिहिणार, तोच गुरुसिद्धप्पांचा फोन वाजला. वर्षभरात पहिल्यांदाच जावयाचा फोन होता.

त्यांनी कौतुकानं तो स्पीकरवर लावला. बदल मंजूर झाला तरच नोकरी पक्की होणार, असं सिद्धाराम गोड आवाजात सांगत होता. शेवटी म्हणाला, "अक्काला एवढं पास करा म्हणावं. शिवांजलीला रविवारी न्यायला येतो."

आई पार्वतम्मांनी लगेच देवापुढं साखर ठेवली.

"पोरीचा संसार उभा राहायलाय, कांता," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "तुझं काय जातंय?"

"अप्पा, तवा गाडी मागितली, आता माझी मंजुरी मागायलाय. ह्यो हुंडाच हाय. उद्या काय मागंल?"

शेरा लिहिताना शिवकांताचा हात मात्र अडला. संसार तिचा नव्हता. घरात आजवर कुणी केलं नव्हतं ते तिनं केलं, बहिणीलाच विचारलं.

शिवांजलीनं मान वर केली. "परत पाठव, अक्का. का पाठवलं तेबी लिही. समद्यांनी वाचू दे."

शिवकांतानं लिहिलं: 'नामंजूर. काम थांबण्याआधी मेमरी सोडली जाते. शिवाय, हा बदल मंजूर केल्यास हुंड्यासाठी टाकलेल्या बायकोला, म्हणजे माझ्या बहिणीला, परत नेईन, असा निरोप बदल पाठवणाऱ्यानं दिला आहे. मी नात्यातली आहे, पुढची तपासणी दुसऱ्यानं करावी.'

पाठवलं, आणि तिच्या काळजाला गार वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

जावयाचा फोन पुन्हा वाजू लागला. गुरुसिद्धप्पांचा हात पुढं झाला, पण शिवांजलीनं फोन आधी उचलला.

"रविवारी येऊ नका," ती म्हणाली. "त्याच्या आधी पोलीसच येतेल तुमच्याकडं."

दोघी बहिणी चपला घालून ठाण्याकडं निघाल्या. वर्षभर इज्जत सांभाळणाऱ्या बापाला त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. वाचकहो, तुमच्या घरी परत आलेल्या लेकीला तुम्ही कधी विचारलंय?