बारा पट्टे आणि तीन बोटं

उमाकांतचं यंत्र कारखान्यातल्या सगळ्या मोटरींना बसवायचं की अडगळीत टाकायचं, हे चीफ इंजिनिअर त्या सकाळी ठरवणार होते. मोटरच्या चाकावर त्याने बारा पांढरे पट्टे रंगवले होते. यंत्र ते दिव्याच्या झोतात मोजायचं आणि वेग जास्त वाटला की फील्डचा, म्हणजे मोटरमधल्या चुंबकाचा, करंट वाढवून मोटरला आवरायचं.

आकडा बाराशे फेऱ्यांवर लावला. हातातल्या मीटरवर मोटर मात्र नऊशे साठवरच रेंगाळली.

"हिला कालचा नैवेद्य जास्त झालेला दिसतोय," चीफ म्हणाले आणि घड्याळ बघू लागले.

उमाकांतने कागदावर भागाकार केला. बरोबर चार पंचमांश! बिघाड इतका नेमका कधी नसतो. त्याने मोटर थांबवून पट्टे मोजले. ते पंधरा होते. म्हणून यंत्राला मोटर उधळल्यासारखी वाटत होती.

"फत्तेसिंगअण्णा, हे काय?"

"खंडेनवमीची पूजा केलो की," फोरमन म्हणाला. "सगळ्या मशीनला विभूतीची तीन बोटं ओढलो."

"पुसा आधी!"

"विभूती पुसायची? मी असताना? आपोआप जाईल, स्वल्प थांबा."

थांबायला सवड नव्हती. उमाकांतने आकडा पंधराशेवर नेला, आणि मोटर शहाण्यासारखी बाराशेवर स्थिरावली.

"बारा पट्टे तुमचे," चीफ म्हणाले. "वरचे तीन?"

"देवाचे, सर."

चीफनी मंजुरीची सही केली आणि खाली शेरा मारला: 'दर खंडेनवमीनंतर पट्टे नव्याने मोजावेत.'