मास्तरांचा डावा पाय

मी एक जुना लाकडी पाय आहे. डावा. मित्रांनो, हसू नका. तुमचे पाय तुम्हाला जन्मतःच फुकट मिळाले, म्हणून तुम्हाला त्यांचं अप्रूप नाही. मला मात्र एका माणसाने अकरा दिवस खपून घडवलं आणि दुसऱ्या एकाने बारा वर्षं मिरवलं. त्या दोघांचीच ही गोष्ट आहे. माझी स्वतःची अशी वेगळी गोष्ट ती काय असणार! कुठे जायचं हे पाय ठरवत नसतो.

माझा जन्म सरकारी दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आत शिरलं की सरस, चामडं आणि लाकडाचा भुसा यांचा मिळून एक वास यायचा. भिंतीवरच्या फळ्यांवर तुटलेल्या पायांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले असत आणि प्रत्येकावर पेन्सिलने नंबर घातलेला असे. माझा नंबर एकशे चार. मला घडवणाऱ्याला सगळे नुसते मिस्त्री म्हणत. लढाई संपून तेव्हा चार वर्षं झाली होती. नवी हद्द आखली गेली तेव्हा मिस्त्रींचं गाव हद्दीच्या अलीकडे, आमच्या बाजूला आलं आणि गावाबरोबर मिस्त्रीही आले. ते आधी कोणत्या बाजूने लढले, की लढलेच नाहीत, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. इतका चांगला पाय करणाऱ्या माणसाला असलं काही विचारून कोण दुखावणार?

मिस्त्रींची एक पद्धत होती. टेपने घेतलेल्या मापावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. ते माझ्या खोबणीत खडूची पूड भुरभुरायचे, समोरच्याच्या पायावर मला चढवायचे आणि म्हणायचे, "दहा पावलं चाला." मग मला काढून उजेडात धरायचे. जिथली पूड पुसली गेली असेल तिथे खुंट, म्हणजे पायाचा उरलेला भाग, घासतो आहे असं समजायचं आणि तेवढीच जागा कानशीने उतरवायची. असं दिवसातून वीस वीस वेळा. दुसरा कुणी असता तर चौथ्या वेळी "चालवून घ्या" म्हणाला असता.

माझे धनी शाळेत कवायत शिकवत. लढाईवर जाऊन डावा पाय गुडघ्याखाली गमावल्यावर कवायतीच्या मास्तरांनी काय करायचं असतं? शाळेने त्यांना हजेरीपटाचं काम दिलं होतं आणि ते त्या टेबलामागे कुढत होते. माझ्यावर पहिल्यांदा उभे राहिले त्या दिवशी त्यांनी स्वतःलाच हुकूम सोडला, "सावधान!" शेजारची नर्स खुदकन हसली. मास्तरही हसले आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून रडले. मिस्त्री खाली बसून माझी बक्कलं तपासत राहिले. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतरची बारा वर्षं म्हणजे माझं वैभव. मैदानावर मी असा काही वाजायचो की विचारू नका. एकदा एका चुणचुणीत मुलीने विचारलंच, "मास्तर, तुमचा डावा पाय जास्त जोरात का वाजतो?" मास्तर म्हणाले, "तुमच्यासारख्या झोपाळूंना ठेका कळावा म्हणून." मुलांनी मला डोक्यावर घेतलं होतं. घरी मास्तरांची लेक रोज सकाळी दोन्ही बुटांना पॉलिश करायची, आणि माझ्या बुटाला तर अंमळ जास्तच. आई लवकर गेल्यामुळे घरात ती दोघंच. भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता. तो कोण, हे मास्तर कधी बोलत नसत. कुणी विचारलं तर चहाचं निमित्त काढून उठत.

दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी आम्ही शेडमध्ये जायचो. खुंट वर्षागणिक आटतो आणि खोबण सैल होते, म्हणून आतून चामड्याचा एक थर वाढवावा लागतो. हे काम अर्ध्या दिवसाचं. तेवढा वेळ मास्तर बाकावर बसून लढाईच्या गोष्टी सांगत. गोष्टी कसल्या, एकच गोष्ट. पाणचक्कीच्या खाली ओढ्याकाठी एक मोठं झाड होतं. झाडाखाली धुणं धुवायचा दगड होता. दुपारचं ऊन होतं. दगडावर टेकावं म्हणून मास्तर सावलीत शिरले आणि सुरुंग फुटला.

"पण मिस्त्री, मानलं पाहिजे त्या माणसाला," मास्तर मांडीवर थाप मारून म्हणायचे. "रस्त्यात पेरला नाही, पुलावर पेरला नाही. सावलीत पेरला! तापलेला माणूस सावलीलाच जाणार, हे ओळखलं त्यानं. आमच्यात असं डोकं कुणाचं नव्हतं. त्याचं काम त्यानं केलं, माझं मी करत होतो. माझा काही राग नाही. भेटला कधी तर उभा राहून सलाम ठोकीन."

मिस्त्री कानस चालवत राहायचे. पहिल्या वर्षी मात्र ही गोष्ट ऐकताना कानस त्यांच्या हातातून सुटली होती आणि माझ्या पोटरीवर एक ओरखडा उठला होता. मला वाटलं, दमले असतील बिचारे.

बाराव्या वर्षी मास्तर भलतेच खुशीत आले. म्हणाले, "मिस्त्री, यंदा शाळेच्या वार्षिक समारंभाला तुम्ही व्यासपीठावर बसायचं. मुख्याध्यापकांशी बोललोय मी. सगळ्या पोरांसमोर सांगणार आहे, माणूस असावा तर असा. नाही म्हणायचं नाही."

"मला नको ते," मिस्त्री म्हणाले.

"लाजताय काय नवरीसारखे! ज्यानं पाय घेतला त्याला मी सलाम करायला तयार आहे, मग ज्यानं दिला त्याला खुर्चीसुद्धा देऊ नको?"

मिस्त्रींनी मला बाकावर आडवं ठेवलं. हात पुसले. उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना मास्तरांसमोर ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"मास्तर, ठोका मग," ते म्हणाले.

"काय?"

"सलाम. चक्कीखालचं झाड, ओढ्याकडच्या बाजूला धुण्याचा दगड. तो सुरुंग मीच पेरला होता."

मित्रांनो, मिस्त्री काही बाबतीत फार भाबडे होते. एका सैनिकाने बारा वर्षं एकच शब्द दिला म्हणजे तो शब्द खरा, असं त्यांना वाटलं. न दिसणाऱ्या शत्रूला सलाम करणं सोपं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मास्तरही डगमगले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला, तरी ते बाकाची कड धरून एका पायावर उभे राहिले. त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत वर आला. मला वाटलं, जिंकलो आपण!

हात तिथेच थांबला.

"तिथं दोन होते," मास्तर हळूच म्हणाले.

"हो. दोन."

"दुसरा चार पावलांवर होता. वाटेच्या बाजूला. तिथं सावली नव्हती. तो कुणासाठी होता, मिस्त्री?"

मिस्त्रींना खोटं बोलता आलं असतं. निदान गप्प राहता आलं असतं. पण खडूची पूड जिथे पुसली गेली ती जागा दाखवायची, हीच त्यांची सवय.

"उचलायला धावत येईल त्याच्यासाठी," ते म्हणाले. "आम्हाला तसंच शिकवलं होतं."

"माझा धाकटा भाऊ आला धावत."

मास्तरांच्या घरी भिंतीवर असलेल्या फोटोतला तरुण कोण हे मला तेव्हा कळलं. बारा वर्षं मास्तर आपल्या पायाची गोष्ट सांगत आले होते. भावाची गोष्ट सांगायची नव्हती, म्हणूनच ती पायाची गोष्ट इतकी रंगवून सांगत होते.

मास्तरांनी कोपऱ्यातल्या दवाखान्याच्या कुबड्या ओढून घेतल्या.

"पाय तरी न्या, मास्तर," मिस्त्री काकुळतीला आले. "माझ्यावर राग धरा. मला मारा हवं तर. पायानं काय केलंय? उद्या पोरांपुढं कसे उभे राहणार?"

"बारा वर्षं मी तुमच्याच हातावर उभा होतो," मास्तर म्हणाले. "आता नाही व्हायचं."

मी बाकावरून त्यांना जाताना पाहिलं. दाराच्या उंबऱ्यावर कुबडी घसरली, मिस्त्री पुढे धावले आणि मास्तर गरजले, "हात लावायचा नाही!"

पुढचं सांगायला मला जड जातं. मिस्त्री मला घेऊन चार वेळा मास्तरांच्या दारात गेले. चारही वेळा लेकीने दार उघडलं, मागे वळून पाहिलं आणि मान हलवली. दुसऱ्या गावी दुसरा पाय करून घ्या म्हणून शाळेने सांगितल्याचं शेडमध्ये कानावर आलं. मास्तर म्हणाले, बघू. ते बघू कधी आलंच नाही. कवायतीला नवे मास्तर आले. आमचे मास्तर पुन्हा हजेरीपटाच्या टेबलामागे गेले, मग घरच्या खुर्चीत आणि मग खाटेवर. सगळा भार सोसून उजवा गुडघाही गेला. इकडे मिस्त्री दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी मला फळीवरून काढायचे, पट्ट्यांना तेल लावायचे आणि अर्धा दिवस तसंच बसून राहायचे.

सहाव्या वर्षी एका सकाळी मास्तरांची लेक शेडच्या दारात उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"मिस्त्रीकाका, बाबा गेले."

मिस्त्रींनी मला फळीवरून खाली काढलं, धुतलेल्या कापडात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. "घेऊन जा, पोरी. त्यांच्याजवळ ठेव. त्यांना दोन्ही पायांनी जाऊ दे."

तिने हात पुढे केले आणि परत घेतले.

"बाबांनी सांगून ठेवलंय, काका. म्हणाले, मिस्त्री पाय देतील, तो घेऊ नको. म्हणाले, पाय चांगला आहे, माणूसही वाईट नाही. पण तिकडं भाऊ भेटेल. त्याच्यासमोर मी या पायावर उभा राहणार नाही." तिने कापडावरून एकदा हात फिरवला. "माझ्यावर असतं तर मी नेला असता हो."

ती गेली. मिस्त्री मला तसेच हातात धरून उभे होते. बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसलेल्या माणसाने हाक मारली, तेव्हा त्यांनी मला खाली ठेवलं. त्यांचे हात आता कापतात. मास्तर गेल्यापासून त्यांनी केलेला एकही पाय कुणाला नीट बसलेला नाही. दवाखान्याने शेड बंद करायची ठरवली आहे.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने सोबती गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी तसं म्हणणार नाही. मी एकाच माणसाच्या मापाचा आहे आणि तो माणूस आता नाही. शेड रिकामी कराल तेव्हा मला खुशाल चुलीत घाला. लाकूड पुरतं वाळलेलं आहे, चांगलं जळेल. त्याआधी तेवढे पट्टे आणि बक्कलं सोडवून घ्या. ओढ्याकाठी अजून सुरुंग निघतात. पट्टे कुणाला तरी लागतील.