पलीकडून आणलेलं उत्तर

मी एक जुना टाळ आहे, मित्रांनो. म्हणायला एक, पण काशाच्या दोन वाट्या एका दोरीत ओवल्या तेव्हा कुठं मी झालो. दौंडच्या बाजारात कासाराच्या पालात टांगलेला होतो. मल्हारी गुरुजींनी मला उचललं, एकदाच वाजवलं आणि माझा नाद विरेपर्यंत डोळे मिटून उभे राहिले. मी त्यांचाच झालो.

शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी एक लहानशी वाडी आहे. तिथल्या शाळेचे गुरुजी एकटेच मास्तर. शाळा तिसरीपर्यंत. कीर्तन म्हटलं की त्यांना तहानभूक आठवायची नाही, मग शाळा तरी कीर्तनातून कशी सुटेल? कीर्तनात टाळकरी दोन रांगांनी उभे राहतात, तशीच त्यांनी मुलं उभी केली. मी खणखणलो की उजवी रांग गर्जायची, "सात आठे!" डावी रांग झेलायची, "छप्पन्न!" धडाही तसाच, अर्धी ओळ इकडून, अर्धी तिकडून. काय रंग भरायचा म्हणून सांगू! रस्त्यानं जाणारे गाडीवान बैल थांबवून ऐकायचे. मला तर वाटायचं, पांडुरंग शाळेच्या ओसरीवर येऊन बसलाय.

एका साली, दुष्काळ सरल्यावर, वाडीनं चौथीचा वर्ग मागितला. तपासणीला साहेब आले. उजव्या रांगेत पुढंच होती नकुशी, पुतळाबाईची लेक, आवाजानं खणखणीत.

"सांग बाळ, सात आठे?" साहेबांनी विचारलं.

"सात नव्वे!" नकुशी गर्जली.

"अगं, मी विचारतोय. तू उत्तर दे."

"सात दाहे!"

साहेबांनी कपाळाला हात लावला. डाव्या रांगेतल्या सर्जेरावाला त्यांनी उठवलं. तो छाती काढून म्हणाला, "त्रेसष्ट, सत्तर!"

"सगळ्या शाळांची परीक्षा मार्चमध्ये केंद्रावर होईल," साहेब म्हणाले. "सगळ्यांना तेच उतारे, तीच गणितं. तुमची मुलं पास झाली तर इथं चौथी मिळेल. नाहीतर नदीपलीकडच्या शाळेत पाठवा."

पुतळाबाई दारातच उभी होती. "गुरुजी, नदीपल्याड पोरीला न्हाई धाडायची म्या. हितं चौथी झाली तर शिकंल, न्हाईतर खुरपं हाय घरात."

"आये, मी खुरपं न्हाई धरणार!"

"मग उत्तरं शीक की! नुसती साहेबालाच इचारतीया!"

सगळे हसले. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी माझी दोरी सोडली आणि एकच वाटी हातात धरून हलवली. नाद कुठला यायला?

"पुतळाबाई," ते म्हणाले, "पोरांची चूक न्हाई. मीच निम्म्यांना सवाल शिकवला आन् निम्म्यांना जबाब."

दुसऱ्या दिवसापासून वर्गाची तऱ्हाच बदलली. प्रत्येक पोरानं उजवीकडं उभं राहून स्वतःलाच विचारायचं आणि डावीकडं जाऊन स्वतःच उत्तर द्यायचं. मी ताल धरायचो. धडा वाचायचा तोही एकट्यानं, मध्ये बुवासारखं उभं राहून. वाचून खाली बसू लागलं की गुरुजी अडवायचे, "बुवा नुसता अभंग म्हणून बसतो व्हय रं? निरूपण कोण करणार?" मग पोर अर्थ सांगायचं, अडखळत, हातवारे करत. महिन्याभरात गुरुजींनी माझा ताल कमी कमी करत नेला आणि शेवटी मला खुंटीला अडकवलं. रुसलो मी, खोटं कशाला बोलू!

परीक्षेच्या दिवशी गुरुजींनी मला पिशवीत घेतलं खरं, पण पिशवी केंद्राच्या खिडकीबाहेर टांगावी लागली. आत नकुशी एकटी उभी.

"औट म्हणजे साडेतीन. मग पाच औट किती?" साहेबांनी विचारलं.

नकुशी उजवीकडं सरकली. दोरीत माझा जीव गुंतला. वाजावंसं वाटलं, पण हाताशिवाय टाळ कसा वाजणार? तेवढ्यात ती पुटपुटली, "पाच औट?" आणि टुणकन डावीकडं उडी मारून म्हणाली, "साडेसतरा!"

"अगं, नाचतेस काय?"

"न्हाई साहेब, पलीकडं जाऊन उत्तर आणलं."

साहेब खदखदून हसले. त्यांनी विहिरीवरचा उतारा वाचायला दिला. नकुशीनं तो सरळ वाचला, पुस्तक मिटलं, हात जोडले आणि निरूपणच सुरू केलं. विहीर खोल का, तिला झरा हवा कशाला, उपसली नाही तर पाण्याचं काय होतं... साहेबांची पेन्सिल टेबलावर हळूच ताल धरू लागली, मित्रांनो! तो ताल मी बरोबर ओळखला.

निकाल लागला. वाडीची सगळी मुलं पास! वाचनात नकुशी केंद्रात पहिली! वाडीला चौथी मिळाली. त्या संध्याकाळी शाळेपुढं कीर्तन उभं राहिलं. पुतळाबाईनं मला नवी दोरी ओवली, नकुशीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "वाजीव आता. खुरप्याला मी हाय." असा वाजलो, असा वाजलो की नदीपलीकडची माणसं काठावर आली!

आता माझी एक कड चिरली आहे. दोरी विरली आहे. खुंटीवर धूळ खातो, पण तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, बाळांनो. कधी हाती आलो तर पुसा, नवी दोरी ओवा, आणि माझ्या दोन्ही वाट्या एकाच्याच हातात द्या. एक इथं नि एक तिथं, असं मात्र करू नका. रामकृष्णहरी.